शेहेचाळीस टन सावलीत

माझी आई क्रेन चालवते आणि माझे सासरे लोखंड उभारतात. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, काय जोडी जमलीय, एक उचलणार आणि दुसरा बसवणार. ही जोडी म्हणजे आई आणि सासरे. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याला भिंतीत साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, पण त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

सासऱ्यांना सगळी साइट अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते. लोखंडी खांबांवर चढून तुळया जागेवर घ्यायच्या आणि बोल्ट आवळायचे, हे काम ते तीस वर्षं करताहेत. आता त्यांच्या हाताखाली चोवीस माणसं आहेत, तरी वर चढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

भांडण झालं ते आमच्या घरी, चहा पिताना. दोघंही कामावरून थेट आले होते. अण्णांचा गुडघा शिड्या चढून सुजला होता आणि ते त्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. आईला म्हणाले, "विहीणबाई, तुमचं बरं आहे. बसून काम."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आईने कप बशीत ठेवला.

"हो ना," ती म्हणाली, "बसूनच तर असते."

एवढं बोलून तिने पिशवी उचलली आणि निघाली. दारात ती बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा मला दिसलं, तिच्या डाव्या हाताचा अंगठा वाकत नव्हता. दहा तास लिव्हर धरला की तो असाच ताठतो. ते तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर पाच महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. अण्णा म्हणायचे, "मी असं काय वावगं बोलून गेलो?" आई म्हणायची, "मी कुठे काय म्हटलं?" आणि आम्ही नवरा-बायको अडकित्त्यातल्या सुपारीसारखे मधे.

आणि मग आईच्या कंपनीने तिची क्रेन नेमकी आमच्याच साइटवर पाठवली.

आमची साइट म्हणजे रेल्वे स्टेशन. चार रुळांच्या डोक्यावर एक मोठी इमारत उभी राहणार आहे. खाली गाड्या, त्यावर दोन मजले दुकानं, दवाखाना आणि वाचनालय, आणि त्याच्यावर सहा मजले घरं. रुळांच्या मधे खांब उभा करता येत नाही, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत अडतीस मीटर लांबीचे पाच ट्रस टाकायचे होते. ट्रस म्हणजे जाड लोखंडी जाळीचा पूलच म्हणा. एकेकाचं वजन शेहेचाळीस टन. सगळी इमारत त्यांच्याच खांद्यावर उभी राहणार.

मी तिथे मोजणीचं काम करते. तिपाईवर यंत्र ठेवायचं, भिंगातून बघायचं आणि कुठला खांब नेमका कुठे आहे ते सांगायचं. साइटवर मला मिलिमीटर म्हणतात, तेही तोंडावर.

क्रेनच्या केबिनमधून सगळं दिसत नाही, म्हणून खालचा एक माणूस वॉकीटॉकीवरून सांगत असतो, वर घ्या, डावीकडे, थांबा. आमच्याकडे हे काम ज्याच्याकडे होतं त्याला भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. भोंग्यामुळे आई आणि अण्णांचं आयतंच फावलं. अण्णा हातभर अंतरावरून त्याला म्हणायचे, "त्यांना सांग, दोन इंच खाली." भोंगा वॉकीटॉकीत गरजायचा, "दोन इंच खाली!" आई उत्तर द्यायची, "त्यांना सांग, दोन इंच झाले." हे सगळं अण्णांना त्यांच्या स्वतःच्या वॉकीटॉकीवर ऐकू येत असे, तरी भोंगा ते पुन्हा त्यांना सांगायचा. तीन आठवडे हा तमाशा चालला. शेवटी भोंगा मला म्हणाला, "ताई, दोन देशांचा वकील झालोय मी. पगार मात्र एकाच माणसाचा."

पहिला ट्रस उचलायचा दिवस रविवार ठरला. सकाळी सहा ते अकरा रेल्वे चारही रुळांवरच्या गाड्या आणि तारांमधली वीज बंद ठेवणार होती. यालाच ब्लॉक म्हणतात. अकरा म्हणजे अकरा. हा ब्लॉक हुकला की पुढचा सहा आठवड्यांनी.

मी साडेपाचला पोहोचले. अंगणभर पसरलेला तो ट्रस गार पडला होता, हात लावला तर शहारा यावा. मी तो शेवटचा मोजला. दोन्ही बाजूंच्या खांबांमधलं अंतर मोजलं. सगळं बरोबर. समाधानाने थर्मासचं झाकण उघडते आहे तोच भोंगा समोर येऊन उभा राहिला. तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली.

"काय झालं?"

त्याने हातवारे केले. मग माझ्या वहीत लिहिलं : *काल मुलीचा फुटबॉलचा सामना. जिंकल्या. मी ओरडलो.*

बिचाऱ्याचा चेहरा पडला होता, पण 'जिंकल्या' या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या.

मुका माणूस क्रेनला काय सांगणार? साइटवर ते काम करायचा परवाना आणखी एकाकडेच होता. मी अण्णांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. साहेब म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर, अतिशय हुशार आणि अतिशय घाबरट माणूस. ते सकाळपासून एकच बिस्किट हातात घेऊन फिरत होते.

"अण्णा, तुम्हालाच बोलावं लागेल," साहेब म्हणाले.

अण्णांनी भोंग्याकडे असं पाहिलं की जणू त्याने मुद्दामच घसा बसवून घेतला होता. मग वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली, खाकरले, पुन्हा खाकरले.

"क्रेन, ऐकू येतंय का?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग आईचा आवाज आला. "येतंय."

पाच महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं संभाषण.

सहा वाजले, सात वाजले, पण ब्लॉक काही मिळेना. लांब कुठेतरी एक मालगाडी अडकली होती. आम्ही सगळे हेल्मेटं घालून, पट्टे बांधून तयार आणि समोर रूळ मोकळे, पण कुणी पाय टाकायचा नाही. तेवढ्यात सूर्य वर आला आणि त्याने थेट अंगणातल्या लोखंडावर ठाण मांडलं. आकाशात एक ढग नव्हता. आठला दहा कमी असताना स्टेशनच्या माणसाने हिरवा झेंडा दाखवला.

"वजन घेते," आई म्हणाली.

दोर ताणले. ट्रस जमिनीवरून कागदाच्या जाडीएवढा सुटला, मग वीतभर, मग माणसाच्या उंचीएवढा. शेहेचाळीस टन लोखंड असं काही अलगद उठलं की शेजारी उभ्या असलेल्या एका वेल्डरने आपोआप श्वास रोखला. अण्णा सूचना देत होते, आई पाळत होती. "डावीकडे." "डावीकडे." "सावकाश." "सावकाशच आहे." ट्रस तारांच्या वरून सरकला, रुळांच्या वर आला आणि पश्चिमेचं टोक खांबावरच्या बैठकीत टेकलं. भोकात भोक बसलं. टाळ्या पडल्या.

पूर्वेच्या टोकाला मात्र भोकं जुळेनात.

अण्णा स्वतः तिथे वर होते. त्यांनी टोकदार सळई घालून पाहिली, हातोडा मारून पाहिला. सळई अर्धवट जाऊन अडकली.

"मिलिमीटर!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये!"

मी जिना चढून वर गेले. ट्रस सात मिलिमीटर लांब होता. अण्णा म्हणाले, "तू सकाळी काय मोजलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. चोवीस माणसं, एक क्रेन, चार रूळ थांबलेले आणि चूक माझी?

"भोकं वाढवू," एक जण म्हणाला.

"अजिबात नाही!" खालून वॉकीटॉकीवर साहेब ओरडले. "त्या भोकांवर आठ मजले उभे राहणार आहेत."

मी लोखंडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. सकाळी शहारा आणणारं लोखंड आता चटका देत होतं. तापमापक लावला. पहाटे पंचवीस होतं, आता एक्केचाळीस. मी वहीवर आकडेमोड केली, पुन्हा केली. अडतीस मीटर लोखंड सोळा अंशांनी तापलं तर किती वाढेल? सात मिलिमीटर आणि वर थोडं.

"अण्णा, माप बरोबर होतं," मी म्हणाले. "ट्रस उन्हाने वाढलाय. खांब सावलीत आहेत, ते तिथेच आहेत."

अण्णांनी सूर्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पावणेनऊ. "म्हणजे तो थंड व्हायची वाट बघायची? दुपारी तर आणखी तापेल."

"खाली उतरवा," साहेब म्हणाले. "सहा आठवड्यांनी बघू." त्यांचा आवाज ऐकून वाटलं, बिस्किट गळालं असावं.

 तेवढ्यात वॉकीटॉकीत खरखर झाली.

"क्रेनवरून बोलतेय. माझ्या उजव्या हाताला सावली आहे."

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. स्टेशनच्या पूर्वेला सात मजली पार्किंग आहे. त्याची लांब सावली रिकाम्या फलाटावर आडवी पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फलाटावर आग विझवायचे पाण्याचे नळही होते.

"मी ट्रस तिकडे फिरवते," आई म्हणाली. "फलाटापासून दोन हात वर धरून ठेवते. तुम्ही पाणी मारा. गार झाला की परत आणते."

"किती वेळ धरून ठेवणार?" साहेबांनी विचारलं.

"मिलिमीटर सांगेल."

मी पुन्हा हिशेब केला. "पाऊण तास तरी."

पाऊण तास शेहेचाळीस टन हवेत स्थिर धरायचे. क्रेनची ताकद होती, कागदोपत्री सगळं बसत होतं. प्रश्न वाऱ्याचा होता. एवढ्या लांब जाळीला वाऱ्याची झुळूक लागली की ती झोका घेऊ पाहते, आणि तो झोका सुरू व्हायच्या आधीच चालवणाऱ्याला बोटांत कळावा लागतो. साहेब अण्णांकडे बघत राहिले. उभारणीत अखेरचा शब्द अण्णांचा.

अण्णांनी क्षणभरच विचार केला. "त्या म्हणताहेत ना, मग होईल," ते म्हणाले. "फलाट रिकामा करा. पाण्याचे पाइप लावा."

ट्रस पुन्हा उठला आणि हळूहळू सावलीत गेला. दोन्ही टोकांना दोर धरून माणसं लांब उभी राहिली. पाण्याचे चार फवारे लोखंडावर पडले आणि सुरुवातीला चक्क वाफ निघाली. भोंग्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने मोठ्यात मोठा पाइप धरला आणि मनातलं सगळं त्यातून बाहेर काढलं.

मी फलाटाच्या टोकाला यंत्र लावलं. भिंगातून मला ट्रसचं टोक दिसत होतं, आणि मागे, काचेच्या केबिनमध्ये, आई. तिची पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. दोन्ही हात लिव्हरवर होते आणि बोटं सारखी हलत होती, अगदी थोडी, विणकाम करणाऱ्या बाईसारखी. वारा आला की ती बोटं आधी हलत आणि मग कळे की वारा आला होता. ट्रस मात्र भिंतीवरच्या फोटोसारखा जागच्या जागी.

अण्णा खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी भिंगातून एकदा पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं.

"अंगठा," ते पुटपुटले. "हाताला काय झालंय त्यांच्या?"

"रोज होतं," मी म्हणाले. "दहा तास लिव्हर धरला की."

 दर मिनिटाला ते वॉकीटॉकीवर सांगत होते, "स्थिर." आई म्हणायची, "स्थिर." असं पंधरा वेळा झालं. सोळाव्या वेळी अण्णा म्हणाले, "स्थिर. आणि विहीणबाई..."

"बोला."

"त्या दिवशी मी बसून काम म्हणालो ते..." ते अडखळले. "मूर्खासारखं बोललो. असं बसायला मला जमलं नसतं. पाच मिनिटं नाही."

आता ही वॉकीटॉकी काही त्यांच्या दोघांची खासगी नव्हती. साइटवर सत्तर संच होते आणि सगळे चालू. पाइप धरलेली माणसं, दोर धरलेली माणसं, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांनी ऐकलं. 

"कामाचं बोला, कामाचं!" साहेबांचा आवाज फाटला.

"हे कामाचंच आहे, साहेब," अण्णा म्हणाले.

 वाऱ्याची एक झुळूक आली, आईची बोटं हलली, झुळूक गेली. मग ती म्हणाली, "पाच महिने लागले हे सांगायला?"

"चुकलं."

"मीही जरा जास्तच ताणलं," ती म्हणाली. "गुडघा कसाय?"

"बरा आहे."

"खोटं बोलताय. मघाशी जिना उतरताना मी वरून पाहिलं. स्थिर."

"स्थिर," अण्णा म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले. फवाऱ्याचे तुषार उडत होते, हे खरं. पण आम्ही फवाऱ्यापासून बरेच लांब होतो.

कुठेतरी कुणीतरी हसलं आणि मग सगळा फलाट हसायला लागला. दोर धरलेल्यांनी दोर मात्र सोडला नाही.

पावणेदहाला मी मोजलं. दोन मिलिमीटर जास्त. दहाला पुन्हा मोजलं आणि माझाच विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. "बरोबर!" मी ओरडले. "पाणी बंद! न्या!"

पुढचं सगळं एखाद्या नाचासारखं झालं. ट्रस फिरला, सरकला, उतरला. अण्णा गुडघा विसरून वर पोहोचले होते. या वेळी त्यांनी सळई भोकात नुसती सोडली आणि ती खणकन आरपार गेली. तो आवाज मला खालपर्यंत आला. दोन्ही टोकांना माणसं तुटून पडली. निम्मे बोल्ट आवळून झाल्याशिवाय क्रेनने वजन सोडायचं नसतं. एक जण मोठ्याने आकडे म्हणत होता आणि बाकीचे त्याच्या तालावर पाना ओढत होते.

अकराला तेरा कमी असताना अण्णा म्हणाले, "विहीणबाई, सोडा."

दोर ढिले पडले. ट्रस जागच्या जागी राहिला. साहेब फलाटाच्या पायरीवर मटकन बसले आणि त्यांनी कुणाचा तरी अख्खा बिस्किटाचा पुडा संपवला.

अकरा वाजून सहा मिनिटांनी पहिली गाडी आली. हळूहळू, ट्रसच्या खालून. चालकाने वर पाहिलं आणि लांब शिट्टी दिली. खिडकीतून एका लहान मुलीने हात हलवला, तिला पन्नास माणसांनी उलट हात हलवला आणि ती घाबरून आईच्या कुशीत शिरली.

माझी आई केबिनमधून उतरली तेव्हा अण्णा तिथेच उभे होते, हातात एक जादा पट्टा घेऊन.

"चला, वर दाखवतो," ते म्हणाले.

आईचा चेहराच उतरला. "नको."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "एकोणीस वर्षं लोखंड वर पाठवतेय. पाय एकदाही ठेवलेला नाही. मला उघड्यावर उंचीची भीती वाटते."

मला हे माहीत नव्हतं. तिची मुलगी असून माहीत नव्हतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गुडघा टेकून तिचा पट्टा नीट आवळला, कडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "पुढे मी. मागे तुमची लेक. खाली बघायचं नाही, माझ्या पाठीकडे बघायचं. माझी पाठ काही फार देखणी नाही, पण रुंद आहे."

आम्ही जिन्याने वर गेलो. ट्रसच्या वरच्या तुळईवर दोन्ही बाजूंना आधाराचे दोर बांधलेले होते. तिने पहिलं पाऊल टाकलं आणि डोळे मिटले. दुसरं टाकलं आणि उघडले. पाण्याने धुतलेलं लोखंड चकाकत होतं. तिसऱ्या-चौथ्या पावलानंतर तिने माझा हात सोडला, मग पुन्हा धरला, मग सोडला.

मध्यावर पोहोचलो तोच खालून दुसरी गाडी गेली. पायाखाली लोखंड किंचित थरथरलं. आईने अण्णांची बाही गच्च पकडली.

"हे हलतंय!"

"हलायलाच हवं," अण्णा म्हणाले. "हललं नाही तर मला काळजी."

गाडी गेली, थरथर विरली. आईने बाही सोडली नाही, पण आता ती रुळांकडे, फलाटांकडे, पलीकडच्या छपरांकडे बघत होती. एका गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. दुसरीवर एक म्हातारा खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

"इथे, बरोबर इथे, काय येणार गं?" तिने मला विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला. "केशकर्तनालय."

अण्णांनी हेल्मेट काढलं आणि टकलावरून हात फिरवला. आईने त्या टकलाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि अशी खदखदून हसली की मला तिचा पट्टा धरावा लागला. "म्हणजे तुमचा काही उपयोग नाही!"

"मी गप्पा मारायला येईन," अण्णा म्हणाले आणि हेल्मेट परत चढवलं.

मी म्हटलं, "परत फिरायचं का? हा डबे घेऊन फाटकाशी येऊन उभा असेल." हा म्हणजे माझा नवरा.

"थांबू दे त्याला जरा," आई म्हणाली. तिने समोर पाहिलं. पश्चिमेचं टोक अजून एकोणीस मीटर लांब होतं. तिने एक हात दोरावर ठेवला, दुसऱ्याने अण्णांना बाजूला व्हायची खूण केली आणि त्यांच्या पुढे निघाली. आधी भिंत चाचपावी तसं एकेक पाऊल, मग जरा भरभर. अण्णा आणि मी मागून चालत राहिलो.